बॉनेटवरचा डावा हात

गाडी आली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मास्तरांचा राग अजून उठायचा होता. रोज तो दहाच्या सुमारास उठायचा, कंप्रेसरच्या पहिल्या फुत्काराबरोबर, आणि संध्याकाळी शटर ओढेपर्यंत शेडभर मास्तरांच्या मागेमागे हिंडायचा. त्या दिवशी त्याला अर्धा तास आधीच उठवलं गेलं.

मास्तर गाड्यांना रंग देत. तीस वर्षं तेच काम. शेड लांबट, पत्र्याची. आत दोन गाड्या सुखाने मावत आणि तिसरीचं नाक रस्त्यावर राही. मागच्या बाजूला जाड प्लास्टिकचे पडदे सोडून केलेली रंगाची खोली. शेडमध्ये माणसं तीन: मास्तर स्वतः, पत्रा ठोकून सरळ करणारा त्यांचा मेहुणा, आणि मास्तरांची एकुलती एक लेक. मेहुण्याला लेक मामा म्हणायची, म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणत. कोणी कधी काय चुकलं ते मास्तरांना तोंडपाठ होतं. मामाच्या नावावर चार मोठ्या चुका, लेकीच्या नावावर नऊ, रंगाच्या दुकानदाराच्या नावावर तर मोजदादच नाही. स्वतःच्या नावावर एकही नव्हती. माणसाची स्मरणशक्ती फार सोयीची असते.

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. गडद निळी. दोन वर्षांपूर्वी एका बैलाने तिला अंग घासून शिंगांनी सही केली होती, तेव्हा ती इथेच पूर्ण रंगवली होती. बाई उतरल्या, दार लावलं आणि बॉनेटकडे बोट केलं.

"मास्तर, बघा बरं. कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखी दिसतेय."

बॉनेटच्या मधोमध क्लिअर उडाला होता. क्लिअर म्हणजे रंगावरचा सगळ्यात वरचा, काचेसारखा थर. सगळी चमक त्याची असते आणि ऊन-पाऊस झेलायचं कामही त्याचंच. तो सुटला की पांढुरक्या कडांचे पापुद्रे निघतात, उन्हात सोलवटलेल्या कातडीसारखे. इथे पाच लांब पट्ट्या सुटल्या होत्या आणि त्यांच्या बुडाशी तळव्यासारखा एक रुंद गोल डाग. बाई गंमत करत होत्या, पण त्यांना दिसलं ते बरोबर दिसलं होतं.

"हात लागलाय," मास्तर म्हणाले. मग मान न वळवता, शेड हादरेल अशा आवाजात, "इकडे ये गं."

लेक रंगाचा डबा ढवळत होती. ती काडी पुसून, डब्याला झाकण लावून मग आली. घाईत यायचं नाही, हे ती अलीकडे शिकली होती.

शेडमध्ये नियम एकच होता, आणि तो रोज चार वेळा ऐकू यायचा. रंग मारून झाला की क्लिअर मारेपर्यंत उघडा हात लावायचा नाही. तळहाताला तेल असतं, घाम असतो. तो तेव्हा दिसत नाही, महिनाभराने दिसत नाही, वर्षाने दिसत नाही. तेवढ्या जागेवर क्लिअर नुसता टेकून असतो, धरत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात तो उठतो आणि ज्याने हात लावला त्याची चहाडी करतो.

"हिला रंग कोणी मारला होता?"

"मी," लेक म्हणाली. "माझी पहिली अख्खी गाडी."

"घसा कोरडा केला होता मी त्या दिवशी. हात लावू नको, हात लावू नको."

"मी लावला नव्हता."

"मग काय, बैलाने लावला?"

मामाला हसू आलं ते त्याने खोकून घालवलं. लेक हसली नाही. तिने आपला डावा हात पापुद्र्यांच्या वर बोटभर अंतरावर धरला. पापुद्र्यांचा हात तिच्या हाताच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आला होता, मोठ्या माणसाचा सदरा लहान मुलाने घालावा तसा.

"बघा."

"पापुद्रा उडताना पसरतो. दोन वर्षं पसरलाय तो."

मास्तरांकडे कशालाही उत्तर असायचं. लेकीने हात मागे घेतला.

"ठीक आहे. तुम्हीच घासा. माझा हात लागलेला नाही असं निघालं, तर डॉक्टरांसमोर आणि मामांसमोर तोंडाने सांगायचं. आत्ता जेवढ्या मोठ्याने बोललात तेवढ्याच मोठ्याने."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याने दोनदा बोलावलंय मला. तिसऱ्यांदा बोलवायची वाट बघणार नाही."

ती धमकी नव्हती, म्हणूनच मास्तरांना झोंबली. गेली दोन वर्षं या शेडमध्ये रंग कालवला जायचा तो तिच्या डोळ्यांवर. मास्तरांना निळ्यातला हिरवट आणि निळ्यातला जांभळट आता वेगळा दिसत नव्हता. ते कोणाला ठाऊक नव्हतं, एकट्या तिला ठाऊक होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, याचाही त्यांना राग यायचा.

"शुक्रवारी येते," बाई म्हणाल्या. त्यांना घरगुती भांडण ओळखायची नजर होती, दुखणाईत जनावर ओळखायची असते तशी. "रंग मारायच्या आधी मला बघायचंय काय निघालं ते."

त्या दिवशी मंगळवार होता.

मास्तरांनी गाडीला कोणालाही हात लावू दिला नाही. दिवे, पट्ट्या, दांड्या काढल्या. साबणाने धुतली, थिनरच्या फडक्याने पुसली, एक फडकं लावायला, दुसरं टिपून घ्यायला. मग पापुद्र्यांच्या कडेखाली पातळ पातं घालून सुटलेला क्लिअर काढायला घेतला. तो कुरकुरत, चर्र करत येत होता. त्यानंतर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासणं. क्लिअर गेला, निळा गेला, करडा प्रायमर गेला, आणि जिथे हात होता तिथे थाळीएवढा पत्रा उघडा पडला. पांढरा, स्वच्छ, निर्दोष. मास्तरांनी त्याच्यावर नवा प्रायमर मारला आणि घरी जाऊन जेवले. लेकीने वाढलं. मीठ मागितलं ते तिने दिलं. एवढंच बोलणं झालं, आणि तेही मिठाचं.

बुधवारी सकाळी त्यांनी काळा फवारा घेतला.

घासणाऱ्या माणसाला आपण सपाट घासलंय की नाही हे डोळ्याने कळत नाही. म्हणून प्रायमरवर काळ्या रंगाचं धुक्यासारखं पातळ शिंपण करतात आणि ठोकळ्याने घासतात. उंच जागेवरचं काळं निघून जातं, खोलगट जागेत राहतं. जिथे काळं उरलं तिथे खड्डा. याच्यासमोर कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

मास्तर घासत गेले. काळं निघत गेलं. खालून करडा रंग एकसारखा वर येत होता, आणि मधोमध काळं राहत होतं. त्यांनी जोर लावला. काळं हलेना. त्यांनी पाण्याने पुसलं आणि मागे सरकून बघितलं.

डावा हात. तळवा, अंगठा, तीन सरळ बोटं, आणि करंगळी आत वळलेली.

मास्तर एकोणीस वर्षांचे असताना एका गाडीचं दार त्यांच्या डाव्या करंगळीवर लागलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ती करंगळी तेव्हापासून शेजारच्या बोटाच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखी वळलेली होती.

त्यांनी पोलादी पट्टी आणली, त्या काळ्या हातावर उभी धरली, खालून उजेड येतो का बघितलं. येत नव्हता. डोळे मिटून तळव्याने चाचपलं. सपाट. खड्डा नव्हताच. आणि जिथे हात होता ते सगळं तर काल पत्र्यापर्यंत खरवडून काढलं होतं; जुन्या रंगाचा कण तिथे उरला नव्हता.

तेव्हा त्यांना तो दिवस आठवला. आठवला असं म्हणणंही खरं नाही. तो दिवस तिथेच होता, त्याच्यावर फक्त बरेच थर चढले होते. प्लास्टिकच्या पडद्याआड निळा रंग सुकत आलेला. लेक रंगाची गन धरून उभी. बॉनेटवर एक धुळीचा कण बसला होता आणि तो तिला दाखवायला मास्तर पुढे वाकले होते. उजव्या हाताने कणाकडे बोट. आणि तोंडाने ओरडत होते, हात लावू नको, अजिबात हात लावू नको. वाकलेल्या माणसाला कशाचा तरी आधार लागतो. डाव्या हाताने त्यांनी बॉनेटचाच आधार घेतला होता.

लेकीने तो हात बघितला होता का? तिची नजर कणावर होती. की नव्हती?

मास्तरांना सणसणून राग आला. पत्र्यावर, फवाऱ्यावर, बैलावर, बाईंवर, त्या दिवशीच्या धुळीच्या कणावर. सगळ्यांत जास्त लेकीवर, कारण ती खरं बोलत होती. त्यांनी जाड पेपर लावला आणि तो हात परत पत्र्यापर्यंत घासून काढला, खांदा भरून येईपर्यंत.

"दाजी, जेवायचं नाही का?" मामा पाना पुसत आला.

मास्तरांनी बॉनेटवर चादर टाकली.

"काय झाकलंत?"

"धूळ बसते."

"प्रायमरवर?" मामा म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदाच बसतेय."

"तू तुझा पत्रा बघ."

मामा गेला. जाता जाता त्याने चादरीकडे दोनदा बघितलं. मास्तरांनी त्याच्या नावावर पाचवी चूक टाकली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी, शंका नको म्हणून, साऱ्या गाडीवर प्रायमर मारला होता, म्हणून गुरुवारी काळा फवाराही साऱ्या गाडीवर घेतला. बॉनेटपासून सुरुवात केली. बॉनेट स्वच्छ निघालं. एक डाग नाही. मास्तर मोठ्याने हसले आणि आपलं हसणं ऐकून गप्प झाले.

पुढचा उजवा दरवाजा घासायला घेतला. हँडलच्या खाली हात होता.

मागच्या दरवाजावर होता. डिकीच्या झाकणावर होता. एकेका भागावर एकेक, सगळे डावे, सगळ्यांची करंगळी वळलेली. मास्तरांना मोजायची सवय, त्यांनी मोजलं. बॉनेट सोडून गाडीचे दहा भाग, दहा हात. एखादा माणूस तोल सांभाळत गाडीभोवती फिरावा तसे.

ते घासत सुटले. बादलीतलं पाणी काळं झालं, बदललं, परत काळं झालं. काळे ओघळ दारांवरून खाली उतरत होते आणि फरशीच्या उतारावरून मोरीकडे जात होते. पेपर बोटांवर फाटत होते. कंप्रेसर बंद होता, मामा पत्रा आणायला गेला होता, आणि शेडमध्ये त्यांच्या घासण्याचा एकच आवाज होता, खसखस, खसखस, दुपारच्या उन्हात तापून छताचा पत्रा मधूनच टणकारायचा तेवढा वेगळा.

टपावर वाकून घासताना त्यांच्या लक्षात आलं.

टपावरच्या हाताची बोटं त्यांच्याकडे होती.

म्हणजे तो हात टेकवणारा पलीकडे उभा असायला हवा. गाडीच्या दुसऱ्या बाजूला, टपावर वाकून, त्यांच्या तोंडासमोर तोंड.

मास्तरांनी मान वर केली नाही. ते घासत राहिले. पलीकडून घासण्याचा आवाज आला. खसखस. त्यांच्याच तालात, अर्ध्या फेरीने मागे.

ते थांबले.

पलीकडचा एक फेरी जास्त घासून थांबला.

"कोण आहे रे?" मास्तर म्हणाले. आवाजात दरारा आणायचा होता, तो आला नाही.

पलीकडे भिंतीला टेकवलेले दिवे होते आणि त्यांची कागदात गुंडाळलेली काच. दुसरं काही नव्हतं. फरशीवर, पलीकडच्या बाजूला, ताज्या काळ्या पाण्याचं एक थारोळं मात्र होतं. टप घासायला घेतल्यापासून मास्तर त्या बाजूला गेलेच नव्हते.

लेक आली तेव्हा डिकीवरचा हात तेवढा घासायचा राहिला होता. मास्तर त्याच्या आडवे उभे राहिले. तिने त्यांच्या बगलेखालून डिकीकडे बघितलं, मग ठोकळा धरलेल्या त्यांच्या डाव्या हाताकडे. बराच वेळ.

"उद्या डॉक्टर येणार आहेत."

"माहीत आहे मला."

"बाबा, मला कोणाला काही दाखवायचं नाहीये." ती हळू बोलत होती. "ते घासून टाका खुशाल. मला फक्त ऐकायचंय."

"काय ऐकायचंय? निघालं काय याच्यातून? काही निघालेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. त्या बरंमध्ये काय काय होतं ते मास्तरांना कळलं, आणि कळलं म्हणूनच ते दुप्पट ओरडले. कशावर ओरडले ते त्यांना नंतर आठवलं नाही. झाकण न लावलेल्या एका डब्यावर असावं.

शुक्रवारी बाई अकराला आल्या. बूट चिखलाचे, बाही कोपरापर्यंत वर. कुठल्याशा गाईचं वासरू अडलं होतं, ते सोडवून थेट इकडे.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पहाटे येऊन उरलेला हात घासून, गाडी पुसून ठेवली होती. आता काळा फवारा मारून दाखवायला नाही म्हणायचं तर कारण काय द्यायचं, हे त्यांनी रात्रभर शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं. त्यांनी फवारा मारला. ठोकळा उचलणार तोच मामाने तो काढून घेतला.

"तुमचे खांदे गेलेत दाजी. द्या इकडे."

मामा घासू लागला. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. लेक दारापाशी उभी होती. मास्तरांनी डावा हात पाठीमागे घेतला.

काळं निघत गेलं. बॉनेट करडं झालं, कडेपासून कडेपर्यंत. मामाने दारं घासली. टप घासला. डिकी घासली. कुठे काही नव्हतं. साचलेल्या पाण्यासारखी सपाट गाडी.

"वा," मामा म्हणाला. "काम म्हणजे काम."

"मग दोष कशाचा होता?" बाईंनी विचारलं. "परत तसंच व्हायला नको, म्हणून विचारते."

कंप्रेसरची टाकी भरली आणि त्याने सुस्कारा सोडून घरघर थांबवली. शेड एकदम रिकामी वाटली. कोणी त्यांच्यावर काही सिद्ध करणार नव्हतं. पुरावा आपणहून उठून निघून गेला होता. माझा हात लागला, एवढे तीन शब्द. त्यांच्यासाठी कसलीच किंमत मोजावी लागली नसती. बाई हसल्या असत्या. मामा वर्षभर चिडवत राहिला असता. लेक फरशीकडे बघत होती आणि वाट बघत होती.

"पोरीचाच हात," मास्तर म्हणाले. अगदी मवाळपणे म्हणाले. "नवीन होती तेव्हा. होतं असं. शिकेल हळूहळू."

वर माफीही देऊन टाकली.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि खिशातून गाडीची दुसरी चावी काढून टेबलावर ठेवली. त्यांची विचारपूस संपली होती.

लेकीने हातमोजे काढले. एकात एक घालून कचऱ्याच्या डब्यात टाकले. खुंटीवरचा आपला मास्क घेतला, आपली गन घेतली, थिनरमध्ये बुडवून ठेवलेली गनची सुई पुसून खिशात टाकली.

"येते मामा."

"थांब गं," मामा म्हणाला, "अगं, थांब तर." तो तिच्यामागे गेला. बाईही गेल्या. बाहेर थोडं बोलणं झालं, मग बाईंना न्यायला आलेली जीप सुरू झाली, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

"जा," मास्तर रिकाम्या शेडला म्हणाले. "जा, जा. सगळे जा."

दीड वाजता त्यांनी मागच्या खोलीत गाडी घेतली. रंग मारायचाच होता. निळा लेकीने बुधवारीच कालवून, गाळून, झाकण लावून ठेवला होता. झाकणावर चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात गाडीचा नंबर. त्यांनी छतावरच्या ट्यूब लावल्या, पंखा लावला, थिनरचं फडकं फिरवलं आणि नेहमीप्रमाणे शेवटची एक खात्री करायला डावा तळवा बॉनेटवरून फिरवला.

काही लागलं नाही.

गार नाही, गरम नाही. पत्रा आहे असंही नाही. त्यांना वाटलं, प्रायमर फारच गुळगुळीत बसलाय. त्यांनी खाली पडलेला सगळ्यात खरखरीत पेपर उचलला, ज्याने जुनी पुट्टी उतरवतात तो, आणि त्याच्यावर तळवा दाबून ओढला. तोही गुळगुळीत लागला. तळव्यावर ओरखडा उठला नाही.

त्यांनी हात ट्यूबखाली धरला.

तळव्यावर रेषा नव्हत्या. बोटांच्या टोकांवर वळसे नव्हते. पृष्ठभाग एकसारखा, ओला असावा तसा चमकत होता, आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पडलं होतं. काम किती चांगलं झालंय ते त्या रेघेवरून कळतं. जरा कुठे लाट राहिली की रेघ वाकते. ही सरळ होती. तीस वर्षांत मास्तरांना असं एकही काम जमलं नव्हतं.

त्यांनी हात उजेडात तिरपा केला. मनगटापाशी, अंगठ्याच्या बुडाशी, तांदळाच्या दाण्याएवढी एक पांढुरकी कड सुटली होती.

पंख्याच्या वाऱ्याने ती हलत होती.